नमस्कार करून गेलेला चोर

या, जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोहोचेल, पण गोष्ट पोहोचायची नाही. कीर्तनात बुवांनी पहिला टाळ धरला की मागची मंडळी कशी न सांगता पुढे येतात, तसे या. तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगायची आहे. चोर असा की माल उचलण्याआधी त्याने चपला काढल्या, हात जोडले, आणि मगच हात लावला! खोटं वाटतं? मग ऐकाच.

नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला गोदाई कॉलनी आहे. समोरासमोर दोन इमारती, मधे बाग आणि बागेच्या टोकाला विठोबाचं चिमुकलं देऊळ. दिवाळीची सुट्टी लागली, भाऊबीज झाली आणि कॉलनी रिकामी व्हायला लागली. रोज सकाळी कुणाची तरी रिक्षा, कुणाची तरी गाडी फाटकाशी उभी. "आम्ही मामाकडे!" "आम्ही चांदवडला, मळ्यात!" बॅगा खाली, टाटा वर. बघता बघता दारांना कुलपं लागली. उंबऱ्याशी काढलेल्या रांगोळ्या विस्कटल्या, त्या झाडायलाही कुणी उरलं नाही. गॅलऱ्यांत आकाशकंदील तेवढे वाऱ्यावर एकटे गरगरत राहिले.

स्नेहल कुठेच गेली नव्हती. बारा वर्षांची स्नेहल यंदा जूनमध्येच मनमाडहून इथे राहायला आली होती. आई दवाखान्यात नर्स. बाबा मनमाडलाच, रेल्वेत. रविवारी यायचे, तेही जमलं तर. शाळेत मुली बोलायच्या, पण डबा खाताना जागा धरून ठेवावी अशी अजून कुणी झाली नव्हती. सुट्टीतल्या लांबलचक दुपारी ती गॅलरीत उभी राहून समोरच्या बंद खिडक्या बघायची. मधूनच स्वतःशी मोठ्यानं बोलायची. दिवसभर कुणाशी बोललं नाही की आपलाच आवाज परका वाटायला लागतो, नाही का?

त्या पहाटे तिला घंटेच्या आवाजानं जाग आली. आई रात्रपाळीला गेली होती. कार्तिकाचा महिना, देवळात रोज पहाटे काकडा व्हायचा, भजन व्हायचं. स्नेहल पांघरूण गुंडाळूनच गॅलरीत आली आणि थबकली.

बाग काळोखात होती!

रोज या वेळी बागेतल्या वाटेच्या दोन्ही कडांना मातीचे कंदील तेवत असायचे. भाजक्या तांबड्या मातीचे, घुमटासारखे, अंगभर जाळी कोरलेले, समोर इवलीशी कमान. सोसायटीनं ते बागेच्या शोभेसाठी प्रदर्शनातून आणले होते. सेक्रेटरी दीपककाका त्यांना 'टेराकोटाचे डेकोरेटिव्ह लँटर्न' म्हणायचे, आणि तसं म्हणताना त्यांची छाती जराशी पुढे यायची. आत पणती ठेवली की वाटेवर उजेडाची नक्षी सांडायची.

आज एकही कंदील नव्हता. आणि तळमजल्याच्या पायरीवर रोज पहाटे देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्या कुसाबाई उभ्या होत्या. धुवट लुगडं, कपाळाला बुक्का, हातात टाळ. त्यांनी एक पाय खाली टाकला, चाचपला, पुन्हा वर घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. मग त्या तिथेच बसल्या. देवळात भजन सुरू झालं. कुसाबाईंनी बसल्या जागी टाळ वाजवून पाहिला, हलकेच. आणि तो पदरात गुंडाळून ठेवला.

स्नेहलनं पांघरूण तिथेच टाकलं. ती जिना उतरून धावत खाली गेली.

"आजी, काय झालं?"

"कोन? मनमाडवाल्या सिस्टरची पोरगी का?" कुसाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "कंदील कुठं गेले गं? आज दिवेच लागले नाय."

"पण खांबावरचे दिवे आहेत ना!"

"ते पांढरे दिवे माझ्या डोळ्यांत पसरतात बाई. पाण्यात दूध सांडावं तसे. त्यात ना वाट दिसत, ना पाय. डॉक्टरांनी हात टेकले." त्यांनी बागेकडे बोट केलं. "हे कंदील खाली असतात, तांबूस असतात, आपली जागा सोडत नाय. एकाकडून दुसऱ्याकडं गेलं की देऊळ येतं."

"मग मी नेते! हात धरा."

कुसाबाई हसल्या. "आज नेशील. उद्या नेशील. शाळा लागल्यावर? मागल्या साली, कंदील नव्हते तवा, सगळेच म्हनायचे आम्ही नेतो. मी रोज तयार होऊन पायरीवर बसायचे. ज्याला त्याला वाटायचं दुसरा नेईल." त्यांनी पदरातला टाळ चाचपला. "कुनाची वाट बघत बसण्यापेक्षा घरात बसलेलं बरं. उद्या त्रिपुरी पुनव. काकड्याची समाप्ती, कीर्तन. ऱ्हायलं यंदा."

 वाट बघत बसणं म्हणजे काय, ते स्नेहलला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"उद्या पहाटेपर्यंत कंदील परत आणते, आजी!" ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

सकाळी बागेत दीपककाकांचा आवाज घुमत होता.

"दिवसाढवळ्या चोरी! कॅमेरे लावा म्हणून कधीपासून ओरडतोय मी! सावळीराम, तू काय करत होतास?"

"सायेब, जाग्यावरच होतो की मी," वॉचमन सावळीराम टोपी कुरवाळत म्हणाला. "सांच्याला पणत्या ठेवाया गेलो तर कंदीलच नाय! मला वाटलं, तुमीच धुवाया नेले."

"मी? आणि कंदील धुवायला?"

"काल दुपारी झोपला होतात ना काका?" मागून कुणीतरी विचारलं.

"झोपलो नव्हतो! डोळा मिटला होता निस्ता."

विचारणारा हर्षल होता. त्याच्या वडिलांचं औषधांचं दुकान, ते बंद ठेवता येत नाही, म्हणून तोही कॉलनीतच उरला होता. त्याच्या शेजारी त्याचा मावसभाऊ कुंदन शेवेची पुडी घेऊन उभा. नाशिकची सुट्टी म्हणजे मजा असं ऐकून तो आला होता आणि आल्यापासून नुसता खात होता.

"जाऊ दे!" दीपककाकांनी हात झटकले. "सोलरचे दिवे मागवतो. पांढरे, झकास!"

"काका, पण कुसाबाई आजींना..." स्नेहलनं तोंड उघडलं.

"त्यांना नेईल गं कुणीतरी हात धरून!" म्हणत काका फोनवर बोलत निघूनही गेले.

स्नेहल उभीच राहिली. हर्षलनं तिच्याकडे पाहिलं. शाळेत दोघं एकाच वर्गात, पण आजवर 'पट्टी देतेस का'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं.

"तू शोधणार आहेस का?" त्यानं विचारलं.

"हो."

"एकटीच?"

"मग काय करू? आहे कोण इथे?"

"आम्ही काय झाडं आहोत?" हर्षल म्हणाला. "तपासाचा प्रमुख मी!"

"तू कशाला? तिनं आधी ठरवलंय," कुंदन शेव चावत म्हणाला. "तू उपप्रमुख. मी जेवणखातं."

आज पहिल्यांदाच स्नेहलला हसू आलं.

तिघं वाटेच्या टोकाशी गेली. हर्षलनं जमिनीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. "ना पायाचे ठसे, ना ओरखडे. भंगारवाला असणार!"

"भंगारवाला मातीचं काय करेल?" कुंदन म्हणाला.

स्नेहलचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. "त्या चिमण्या बघा."

"चिमण्यांनी नेले म्हणतेस?" हर्षल खो खो हसला.

"हसू नकोस! नीट बघ. सगळीकडे नाहीत त्या. जिथे जिथे कंदील होता, तिथेच घोळक्यानं टिपतायत!"

खरंच की! वाटेच्या कडेनं चिमण्यांचे छोटे छोटे पुंजके बसले होते, कुणी मोजून बसवल्यासारखे. तिघं जवळ जाताच त्या भुर्रकन उडाल्या. खाली तांदळाचे दाणे होते. कुंकवानं लाल झालेले.

"अक्षता!" कुंदनची शेव हातातच राहिली. "आमचे आजोबा गणपती उठवायच्या आधी अशाच टाकतात. अक्षता टाकून नमस्कार करायचा, मगच मूर्ती हलवायची."

"म्हणजे चोरानं कंदिलांना निरोप दिला?" हर्षलनं डोळे विस्फारले. "असला कसला भाविक चोर!"

"पण कंदिलाला कोण नमस्कार करेल?" स्नेहल पुटपुटली. ती गुडघ्यांवर बसली आणि गवतातून बोटं फिरवायला लागली. नखाएवढं काहीतरी हाताला लागलं. गुलाबी रंग, सोनेरी कड. मातीचं कमळ!

"हे तर दिवाळीतल्या लक्ष्मीच्या हातातलं कमळ!" ती ओरडली.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. मग स्नेहल ताडकन उठली. "दर दिवाळीला आपण नवीन लक्ष्मी आणतो. मग गेल्या वर्षीची कुठे जाते?"

"गंगेवर. विसर्जनाला," हर्षल म्हणाला. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.

"आणि गावाला जायच्या घाईत गंगेवर जायला वेळ नसेल तर?"

हर्षलनं हळूच दीपककाकांच्या दाराकडे पाहिलं. तळमजल्यावर तेवढं एक दार उघडं होतं.

सविताकाकूंनी, म्हणजे दीपककाकांच्या पत्नीनं, तिघांना चिवडा दिला, पाणी दिलं आणि प्रश्न ऐकून पदराशी चाळा करायला लागल्या.

"अगं, कुणाला सांगू नका हं. मी यांना म्हटलं, जुनी लक्ष्मी गंगेवर सोडून या. हे म्हणाले, मला मीटिंग आहे, ठेव कुठंतरी पवित्र ठिकाणी. आता पवित्र ठिकाण कुठं शोधू? बागेतला तो कंदील म्हणजे कसा, कळस नसलेलं देऊळच! वर घुमट, पुढे कमान. ठेवली आत. फूल वाहिलं."

"आणि बाकीच्या कंदिलांत?"

"माझं बघून पाटीलकाकूंनी ठेवली. त्यांचं बघून वरच्या मजल्यावरच्यांनी. निघण्याच्या गडबडीत सगळ्यांनीच ठेवल्या." काकूंनी आवाज बारीक केला. "तुझ्या आईनंपण ठेवली गं स्नेहल. ड्युटीवर जाताना."

स्नेहलनं कपाळावर हात मारला!

बाहेर येताच तिनं सावळीरामला गाठलं. "काका, काल दुपारी डोळा मिटायच्या आधी कुणी आलं होतं का? देव गोळा करणारं?"

"आली व्हती की! भगवी टोपीवाली पोरं, टेम्पो घिऊन. जुने देव, फोटो, निर्माल्य गोळा करतात ती. म्हनली, काका, काही हाय का? कंदिलांत देव दिसत व्हते, म्हनलं, बागेत बगा. सायबांनीच बोलावली असतील, म्हनून मी काय लय चौकशी केली नाय."

"आणि त्यांनी बघितलं तर काय!" हर्षल टाळी वाजवून ओरडला. "वाटेच्या दोन्ही बाजूंना ओळीनं लक्ष्म्या, आपापल्या देवळात बसलेल्या! त्यांनी देवळासकट उचलल्या!"

"कुठं असतात ती पोरं?" स्नेहलनं विचारलं.

"गंगेवरच. घाटाच्या पल्याड मांडव टाकलाय. पर बिगीनं जा, आज आवरणार हायेत म्हनं."

स्नेहलनं आईला फोन लावला. आई नुकतीच ड्युटीवरून सुटली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "जा. सांभाळून जा. मी घरी वाट बघते."

दोन सायकली, तीन पोरं. कुंदन हर्षलच्या कॅरियरवर. पंचवटीकडे जाणारी गर्दी, पुलावरचा वारा, खाली गंगेचं संथ पाणी. चढ आला की हर्षल ओरडायचा, "जेवणखातं, उतर खाली!" आणि कुंदन उतरून सायकल ढकलायचा.

मांडवाशी पोहोचली तेव्हा सगळीकडे देव होते. काच फुटलेले फोटो, रंग उडालेले गणपती, हात नसलेले कृष्ण. कुणी घरातून उचलून दिलेले, आता कुणाचेच नसलेले. एका हौदात कच्च्या मातीच्या मूर्ती ठेवल्या होत्या, त्यांचे चेहरे पाण्यात हळूहळू विरघळत होते. स्नेहल तिथे थोडी थांबली. तिला वाटलं, हे सगळे आपापल्या घरात किती गर्दीत बसलेले असतील! माणसांच्या, उदबत्तीच्या, आरतीच्या गर्दीत.

"स्नेहल, टेम्पो!" हर्षल किंचाळला.

फाटकातून टेम्पो बाहेर पडत होता. मागच्या फळीवरून तांबडे घुमट दिसत होते. तेच!

"ओ काका, थांबा!" ड्रायव्हर फकिराच्या कानाला फोन. थांबतोय कसला! तेव्हा हर्षल रस्त्याच्या कडेनं सायकल हाणत पुढे गेला आणि खच्चून ओरडला, "काका, मागचं चाक बसलंय!"

करकचून ब्रेक लागला. फकिरा खाली उतरला, मागे गेला, चाकावर लाथ मारून पाहिली. "कुठं बसलंय रे?"

"बसल्यासारखं वाटलं, काका. पण फोनवर बोलत गाडी चालवणं बरं का?"

फकिरा ओशाळला. तोवर स्नेहल फळीला लटकलेली आणि कुंदन टेम्पोपुढे उदबत्तीच्या काडीसारखा ताठ उभा!

आवाज ऐकून टोपीवाल्यांचा म्होरक्या, प्रफुल्लदादा, धावत आला. कॉलेजातला मुलगा, गळ्यात तुळशीची माळ. सगळं ऐकून त्यानं जीभ चावली.

"कंदील? अरे देवा! आत देवी बसलेली दिसली, मग विचारणार कुणाला? देवी हौदात ठेवल्या. भाजकी माती विरघळत नाही, म्हणून हे सायखेड्याला कुंभारांकडे पाठवत होतो. तिथे कुटून नव्या मातीत घालतात."

"मग परत द्या ना!"

प्रफुल्लदादा अडखळला. "ते अवघड आहे गं. आम्ही अक्षता टाकल्या, निरोप दिला. एकदा निरोप दिलेलं परत न्यायचं नसतं. आमच्या मंडळाचा नियमच आहे."

  स्नेहलच्या डोळ्यांपुढे ती पायरी आली, पुढे टाकलेला आणि मागे घेतलेला पाय.

"दादा, अक्षता टाकताना तुम्ही काय म्हणता?"

"मी? हेच, की देवा, पुन्हा या."

"मग तुम्हीच 'पुन्हा या' म्हणालात ना? आता ते निघालेत यायला, तर तुम्हीच अडवताय!"

प्रफुल्लदादानं डोकं खाजवलं. फकिराला मात्र हसू आवरेना. "पोरगी कीर्तनकार होनार बघ ही!"

"हसू नका, काका," स्नेहल फळी न सोडता म्हणाली. "आमच्याकडे एक आजी आहेत. त्यांना या कंदिलांशिवाय देवापर्यंत जाता येत नाही. आणि त्यांना कुणाचा हात नको, कारण हात धरणारा येतोच असं नाही."

प्रफुल्लदादानं टोपी काढली. मग फळी खाली पाडली आणि टेम्पोत चढून म्हणाला, "फकिरा, सायखेडा उद्या. आधी गोदाई कॉलनी."

कंदील उतरवून पाहिले तेव्हा एकाचे दोन तुकडे झालेले निघाले. बाकीचे मांडून झाल्यावर रिकामी राहिली ती नेमकी वळणावरची जागा. वाट देवळाकडे वळते ती.

"त्याच्या जागी नुसती पणती ठेवू," हर्षल म्हणाला. "पण वाऱ्यानं विझेल."

"मी बघते," स्नेहल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, पुनवेच्या पहाटे, बागेत पुन्हा उजेडाची नक्षी सांडली. सावळीराम यंदा पहिल्यांदाच इतका टक्क जागा होता. सविताकाकू आल्या. दीपककाकाही आले, कारण ते 'पवित्र ठिकाण' कुणाच्या सांगण्यावरून शोधलं गेलं, ही बातमी आता सगळ्यांनाच ठाऊक झाली होती!

कुसाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. समोरचा उजेड पाहिला. तोंडानं विठ्ठल विठ्ठल करत त्यांनी पाय खाली टाकला, आणि तो मागे घेतला नाही. एक कंदील, मग दुसरा, मग तिसरा. कुणी हात पुढे केला नाही. कुणी करायचा नव्हताच.

वळणावर कंदील नव्हता. तिथे गवतावर स्नेहल बसली होती, मांडीवर पणती, भोवती दोन्ही तळव्यांची कमान. गार वारा, हाताला चटका, पण ती हलत नव्हती. कुसाबाई थांबल्या. त्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"हा कंदील थरथरतोय गं," त्या म्हणाल्या. "याला थंडी वाजतीय."

 कुसाबाईंनी अंदाजानं हात खाली नेला. तो बरोबर तिच्या डोक्यावर टेकला. क्षणभर तिथेच राहिला. मग त्या वळल्या आणि देवळाच्या पायऱ्या चढल्या, आपल्या आपण.

समाप्तीच्या कीर्तनात बुवांनी तिन्ही पोरांना पुढे बोलावलं. दीपककाकांनी हात जोडून सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. शोध पोरांचा. सोलरचे दिवे रद्द!" टाळ्या झाल्या. प्रफुल्लदादानं तिघांना भगव्या टोप्या घातल्या. कुंदननं प्रसादाचा लाडू दोनदा घेतला आणि कुणी रागावलं नाही. आई ड्युटीवरून तशीच आली होती. ती मागे उभी राहून डोळे पुसत होती. काकड्याच्या टाळांत आज एक टाळ इतरांपेक्षा जरा मोठ्यानं वाजत होता.

सुट्टी संपली. कुलपं निघाली, रिक्षा परत आल्या, कॉलनी पुन्हा गजबजली. ज्यांना ही हकीकत कळली, त्यांनी कौतुक केलं. पण एक गोष्ट कुणालाच कळली नाही: त्या रिकाम्या दिवसांत त्या गॅलरीत उभं राहणं कसं होतं.

म्हणून उठण्याआधी माझं एक मागणं ऐका. पुढच्या सुट्टीत तुम्ही बॅग पाठीला लावून जिना उतराल, गाडी हॉर्न वाजवत असेल, मामाचा फोन येत असेल. तेव्हा क्षणभर वर बघा. एखाद्या गॅलरीत कुणीतरी उभं असेल, टाटा करू की नको अशा विचारात. त्या वेळी स्नेहलची आठवण ठेवा, आणि त्याला नावानं हाक मारा.